गवत्या उसाचा मान

ए, बसा गं नीट. स्वरूपा, तू तो डबा आधी बाजूला ठेव, हसता हसता सांडशील आणि मग माझ्या नावानं बोंब मारशील. मी काल सांगवीवरनं आले आणि हे कुणाला तरी सांगितल्याबिगर मला आता जेवण जायचं न्हाय. आमच्या करुणाताईचं सांगतेय. तुमी मागं विचारलं हुतं ना, ती पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं करती काय? त्येच.

उसाला एक रोग पडतो, आमच्याकडं त्याला गवत्या म्हणतात. एका बेटातनं चांगला मनगटाएवढा ऊस यायचा, तर त्याच्या जागी गवतासारखे बारीक बारीक फुटवेच फुटवे येतात, आणि पानं पांढरी पडतात. लांबनं बघितलं तर उसाच्या फडात कुणीतरी दही सांडलंय असं दिसतं. कारखान्याला घालायला त्यातनं कांडं निघत न्हाय. आणि ह्याचा जंतू इतका बारीक की साध्या दुर्बिणीतनं पण दिसत न्हाय. मग ताई काय करती, ते पान वाटती, त्यातनं जंतूचा डीएनए काढती आणि एका मशीनमध्ये घालून एकाचे लाख लाख करती. लाख झाले की मग तो दिसतो. आईला हे कळलं तेव्हा आई म्हणली, मग त्या मशीनीत एकदा म्हशीचं दूध घालून बघ की.

आता ताईच्या धंद्यात अशी गंमत हाय की काम किती का करा, परदेशातल्या चांगल्या ठिकाणी छापून आलं न्हाय तर ते केलंच न्हाय. आणि नुसतं छापून येऊन भागत न्हाय. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात तुमच्या लेखाचं नाव घ्यायला पायजे. लग्नात आहेर मोजतात तसं तितं मोजत बसतात, ह्याचं नाव किती जणांनी घेतलं, त्याचं किती जणांनी. आईनं ते पण ऐकून घेतलं आणि म्हणली, लग्न केलं असतंस तर एकानं तरी उखाण्यात घेतलं असतं.

तर मागच्या वर्षी ताईची शिष्यवृत्ती संपत आली हुती. तिच्याच संस्थेत शास्त्रज्ञाची एक कायम जागा निघाली, मुलाखत ठरली, आणि तिच्या सरांनी सांगितलं की गवत्यावरचा लेख तेवढा मंजूर झाला तर तू बसलीस, न्हायतर अवघड हाय. लेख परदेशात गेला हुता. दोन परीक्षकांनी वाचला. एक म्हणला झकास. दुसरा म्हणला, काम चांगलं हाय, पण ह्या बाईंचा सगळा रोगी ऊस एकाच शेतातला हाय. रोग तेवढ्याच शेतात असला तर? दुसऱ्या तालुक्यातलं निदान एक तरी शेत दाखवा, मग छापतो.

ते एकच शेत कुणाचं? आमचं. सांगवीतले आमचे दोन एकर. आप्पांना ताईनं हे वाचून दाखवलं तर आप्पा एवढे रागावले. आमचे आप्पा म्हंजे गंगाराम गुरुजी, सबंध नोकरी त्यांनी भवानीनगरच्या बाजूला शाळा शिकवण्यात घातली. म्हणले, म्हंजे ह्या साहेबाचं म्हणणं काय, जगात रोगी ऊस फकस्त माझाच?

ताई म्हणली, तसं न्हाय आप्पा, इंदापूर तालुक्यातला एक मिळाला की झालं.

त्यात काय अवघड, भवानीनगर इंदापुरातच, आणि तितं गवत्या ढीगभर हाय, असं आमाला वाटलं. मी लुना काढली, ताई मागं बसली, आणि तिच्या मांडीवर थर्माकोलचा डबा. पानं बर्फात ठेवायची असतात ना. तो डबा बारामतीतल्या औषधाच्या दुकानातनं आणलेला, त्यात इंजेक्शनं येतात, आणि बर्फ दूधडेअरीतला. काटेवाडी ओलांडली, पुढं एका वस्तीवर थांबलो, तर बायका आपापली लेकरं काखेत मारून पळत आल्या. मला कळंना. त्या म्हणल्या, पोलिओचा डोस आला ना? ताई म्हणली, न्हाय ओ, आमी उसाचं बघतोय. एका म्हातारीनं नातवाचं तोंड तसंच उघडं धरलं आणि म्हणली, असू दे, उसाचं तर उसाचं, घाल दोन थेंब.

आणि पुढं काय झालं माहिताय? सबंध शिवारात कुणाच्याच उसाला गवत्या न्हाय. खरं सांगते. रस्त्यावरनं आमाला पांढरी बेटं दिसत हुती, आणि मालक बांधावर उभा राहून म्हणत हुता, छे छे, आमच्यात असलं कधीच न्हवतं, पलीकडच्यांकडं बघा. पलीकडचा म्हणायचा, अलीकडं विचारलं का? स्थळ बघायला पाव्हणे आल्यावर तुमच्यात कुणाला फिट येती का विचारलं की लोक कसं करतात, अगदी तसं. कारण गवत्या बेण्यातनं, म्हंजे लावायला घेतात त्या उसाच्या कांड्यांतनं पसरतो. एकदा नाव झालं की तुमच्या उसाचं बेणं कोण लावणार?

शेवटी गेणबा तात्यांकडं गेलो. गेणबा तात्या म्हंजे त्या भागातला बेण्याचा राजा. लोक घरात सून आणतात तसं त्यांच्याकडनं बेणं आणतात, विचारपूस करून, नारळ फोडून. तात्यांनी आमाला चहा पाजला, आप्पांची चौकशी केली, आणि फड दाखवायला नेलं. आता फडाच्या मधोमध पांढरा पट्टा मला स्वच्छ दिसला. ताईला पण दिसला. पण ताई डावीकडं वळली की तात्या डावीकडं. उजवीकडं वळली की उजवीकडं. धोतराचा सोगा असा पसरून धरलेला, आणि आभाळाकडं बघून बोलणं चाललेलं, औंदा पाऊस कसा वाटतो बाई तुमच्या शास्त्राला? आणि जाताना त्यांनी स्वतः निवडून, धुऊन, पुसून, हिरवीगार पानं दिली. एवढी चांगली पानं मी जन्मात बघितली न्हवती. पाव्हण्याला कुणी वाईट देतं का?

मी ताईला म्हणलं, परत येताना बांधावरनं हळूच एक पान ओढू. ती माझ्यावरच तापली. म्हणली, मालकाच्या परवानगीबिगर घेतलेलं पान मी लेखात कुठलं म्हणून दाखवू, पायलच्या पिशवीतलं?

घरी आलो तर डबाभर निरोगी पानं. ताई ओट्यावर बसून नुसती त्या डब्याकडं बघत हुती. मुलाखत पुढच्या आठवड्यात, आणि त्याच्या आत सरांना निकाल पायजे. आईनं तिला दोनदा जेवायला हाक मारली. आप्पांना ते काय बघवंना. सकाळी उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एसटीनं भवानीनगरला गेले. कशाला जातो ते सांगितलं न्हाय.

संध्याकाळी आले ते मिशीत हसत. मग कळलं की आप्पांनी चहाच्या हॉटेलात बसून सगळ्यांना सांगितलं, निम्मे तर त्यांच्याच हातचे विद्यार्थी, की बाबांनो, माझ्या पोरीचा लेख परदेशात छापून येणार, आणि जो रोगी ऊस देईल त्याचं नाव त्यात छापणार.

आता तुमी मला सांगा, आपल्याकडं छापलेल्या नावाचं काय असतं? लग्नाच्या पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर चुलता मांडवात येत न्हाय. नाव आलं पण धाकट्याच्या खाली आलं तर येतो, पण जेवत न्हाय. आमच्या मामानं एका पत्रिकेपायी सात वर्षं अबोला धरला हुता. आणि हितं तर परदेशात छापणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत हुते तर दारात ट्रॅक्टर. कुंडलिकरावांचा. मागं ट्रॉलीभर गवत्या. कुंडलिकराव म्हंजे गेणबा तात्यांचे बांधाला बांध लावून असलेले शेजारी, आणि दोघांचं बोलणं फकस्त कोर्टात. ट्रॉलीत कुंडलिकरावांच्या बरोबर सात-आठ शेतकरी, ज्यांच्यात परवा गवत्या न्हवता ते सगळे. एका झटक्यात ट्रॉली अंगणात ओतली. आमची शेळी तर एवढी वैरण बघून गप्पच झाली.

आणि मग सुरू झालं. कुंडलिकराव म्हणले, ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं, नाव माझं पहिलं. एक म्हातारबा म्हणले, वयानं मी मोठा. रविराज म्हणून एक पोरगा हुता, तो म्हणला नाव कुठं पण टाका, पण नावाखाली युवा कार्यकर्ता टाका. एकानं आणलेलं बेट इतकं पांढरं हुतं की आप्पांना शंका आली. त्यांनी पानावरनं बोट फिरवलं, तर बोट पांढरं. आप्पा म्हणले, ह्याला रोग न्हाय, ह्याला चुना लावलाय. तो म्हणला, गुरुजी, घरात खरा न्हवता, पण नाव तर पायजे ना.

तेवढ्यात ताई बाहेर आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिनं तो ढीग बघितला आणि हळूच विचारलं, ह्यातला कुठला कुणाचा?

कुणालाच माहीत न्हाय. सगळा मिसळलेला. पण सगळ्यात पांढरं, सगळ्यात वाईट जे बेट हुतं, त्याच्यावर तिघांनी एकदम हात ठेवला.

ताई म्हणली, काका, असं चालत न्हाय. कुठल्या शेतातला, कुठल्या सरीतला, ते मला उभ्या पिकात बघायला लागतं. ह्यातलं एक पण मला लिहिता येणार न्हाय. चला, तुमच्या शेतात जाऊ, तितला उभा दाखवा.

कुंडलिकराव म्हणले, आता उभा कुठला? नाव यायचं म्हणून एक बेट ठेवलं न्हाय. मुळासकट काढला.

आप्पांचा चेहरा तुमी बघायला पायजे हुता. ताई ओट्यावर खाली बसली. मला वाटलं आता रडणार, पण ती त्या लोकांना म्हणली, एक मात्र बेस केलंत, गवत्या उपटून टाकणं हाच त्याच्यावर इलाज हाय, आमी चार वर्षं भाषणं करून हे कुणाकडनं करून घेऊ शकलो न्हाय. लोकांना ते काय कौतुक वाटलं न्हाय. रिकामी ट्रॉली घेऊन गेले. रविराज जाताना पण म्हणत हुता, मग युवा कार्यकर्ता कुठंच न्हाय का?

दुपार झाली. आप्पा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले. आणि चारच्या एसटीनं कोण यावं? गेणबा तात्या. एकटे, परीटघडीची टोपी घालून. ते सकाळच्या ट्रॉलीत आले न्हवते हे तोवर माझ्या ध्यानातच आलं न्हवतं. बसले, पाणी प्याले, आईला म्हणले अक्काबाई, तब्येत बरी हाय ना. तेवढ्यात आप्पा बाहेर येऊन बसले, मग त्यांच्याकडं वळले.

"गुरुजी, कुंडलिकचं नाव परदेशात छापणार म्हणं."

आप्पा म्हणले, "आता कुणाचंच छापत न्हाईत." आणि सगळी कथा सांगितली.

तात्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी बशीत चहा ओतला. फुर्रकन एक घोट घेतला. आणि मग बशी तशीच ओठापाशी राहिली.

"म्हंजे माझं आलं तर एकट्याचंच येईल?"

ताई आत भांडी लावत हुती, ती बाहेर आली. "तात्या, तुमच्या फडात गवत्या हाय?"

"मी कुठं म्हणलं हाय?"

"मग नाव कसं येणार?"

"नाव यायला रोग पायजेच का? चांगल्या उसाचं छापत न्हाईत?"

"चांगल्या उसाचं कोण वाचतंय, तात्या."

तात्यांनी मान हलवली. "ते बाकी खरं हाय." मग बराच वेळ बशीतल्या चहावर फुंकर मारत बसले, थंड झालेल्या. मग म्हणले, "असं लिही. गेणबाच्या फडात रोग हाय, पण तो आणणारा किडा कुंडलिकच्या बांधावरनं आला."

"किड्याला मी विचारलेलं न्हाय, तात्या."

"बरं, छापणार कशात? मराठीत का इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"हितं कोण वाचतं?"

"हितं कोणच न्हाय. ब्राझील, क्यूबा, ऑस्ट्रेलिया, जितं जितं ऊस हाय तितं वाचतात."

तात्यांनी ह्याचा नीट विचार केला. ब्राझीलवाले काय त्यांचं बेणं न्यायला येत न्हवते. म्हंजे अब्रू जायची भीती न्हाय आणि मान तेवढा मिळतो. त्यांच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरत गेलं, मला वाटलं झालं, मिटलं. मी लुनाची किल्ली पण उचलली.

पण आमची ताई. तिला गप्प बसवतंय व्हय. तिचं सगळं भवितव्य त्या माणसाच्या एका व्हयवर टांगलेलं, आणि ही म्हणती, "पण तात्या, त्या फडातलं बेणं औंदा कुणाला द्यायचं न्हाय. माझं काम झालं की ती बेटं उपटायची. आणि पुढचं बेणं गरम वाफेची प्रक्रिया केल्याबिगर इकायचं न्हाय. हे कबूल असलं तरच मी येते."

तात्यांचं हसू गेलं. आप्पा ताठ बसले. मी ताईला मागनं चिमटा काढला, आधी पान तरी घे की बये. ती ढिम्म.

तात्या म्हणले, "आणि लोकांनी विचारलं गेणबा बेणं का देत न्हाय, तर काय सांगू?"

ताई म्हणली, "सांगा, परदेशी लोक तपासतायत."

त्यावर तात्या जे हसले, टोपी पडली. म्हणले, गुरुजी, पोरगी शिकलीय खरी. आणि उभे राहिले. उद्या उन्हं चढायच्या आत या, म्हणले, मी स्वतः दाखवतो.

दुसऱ्या दिवशी आमी पोचलो तर तात्या फडाच्या तोंडाशी उभे, नवं धोतर, हजामत केलेली. ज्या पट्ट्यापुढं त्या दिवशी सोगा पसरून उभे हुते, त्याच पट्ट्यात आमाला हाताला धरून घेऊन गेले, आणि एकेक बेट असं दाखवत हुते जसं काय नातवंडं. हे बघ, हे सगळ्यात वाईट. न्हाय न्हाय, त्याच्यापेक्षा हे वाईट. थर्माकोलचा डबा त्यांनी कुणाला धरू दिला न्हाय. ताईनं पानं कापली, बर्फात ठेवली, आणि मग बेटाचा फोटो काढायचा हुता. बेट केवढं हाय ते कळायला शेजारी मोजपट्टी लावून उभी करतात, आणि ती पट्टी मी घरी विसरले. माझ्याकडं असं बघितलं ताईनं. मग म्हणली, तात्या, तुमीच उभे राहता का जरा बेटाशेजारी? माणूस असला की अंदाज येतो.

तात्यांनी टोपी सरळ केली, हात मागं बांधले, आणि कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहिल्यासारखे उभे राहिले.

तर, ताईनं पुण्याला जाऊन चार दिवस मशीन सोडलं न्हाय. भवानीनगरचा जंतू आणि सांगवीचा जंतू एकच निघाला. म्हंजे तात्यांचं बेणं कुठवर पोचलं हुतं बघा, पण ते ताईनं त्यांना सांगितलं न्हाय. लेख मंजूर झाल्याचा फॅक्स मुलाखतीच्या आदल्या दिवशी आला. मुलाखतीत एका मोठ्या साहेबांनी विचारलं, तुमच्या कामाचा शेतकऱ्यावर परिणाम काय? ताईनं ट्रॉलीची गोष्ट सांगितली, की छापून यायच्या आधीच निम्मं शिवार उपटून आमच्या अंगणात आलं. चुन्यापर्यंत आली तेव्हा साहेब डोळे पुसत हुते. जागा मिळाली.

आता कालचं ऐका. त्याच्यासाठी तर मी बसवलंय तुमाला. लेख छापून येऊन महिने झाले. ताई सांगवीला आली ती थेट भवानीनगरला गेली, मी पण गेले. हॉटेलात तात्या, कुंडलिकराव, रविराज, सगळे. ताईनं लेख काढला. पहिल्याच चित्रात कोण? तात्या, टोपीसकट, बेटाशेजारी. शेवटी आभारात नाव, एकट्याचं. तो कागद चहाच्या टेबलावरनं असा फिरला, कुणी हात धुतल्याबिगर धरंना. कुंडलिकरावांनी लांबनं बघितलं आणि म्हणले, फोटोत बारीक दिसतोय.

मग ताईनं एक कार्ड काढलं. ब्राझीलहून आलेलं. तितल्या शास्त्रज्ञानं त्याच्या लेखात ताईचं नाव घेतलं हुतं, हा तिचा पहिला आहेर, आणि खाली एक शंका विचारली हुती. चित्र एकमध्ये जी व्यक्ती हाय तिची उंची कळवावी, म्हंजे बेटाची उंची काढता येईल.

सगळं हॉटेल उभं राहिलं. रविराज पळत जाऊन शिंप्याकडनं टेप घेऊन आला. तात्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि टेप कुणी धरली सांगा? कुंडलिकरावांनी. म्हणले, दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाय. आणि वाकून खाली बघितलं तर तात्या टाचा उचलून उभे.

ताई म्हणली, "तात्या, टाचा टेकवा. तुमी चार बोटं वाढलात की रोग पण चार बोटं वाढतो."

तात्यांनी टाचा टेकवल्या. मग भिंतीला तसेच चिकटून त्यांनी विचारलं, "टोपीसकट धरायची का बिनटोपीची?"

ताई म्हणली, फोटोत टोपी हाय, टोपीसकट धरा. तर कुंडलिकराव म्हणले, लिहा मग खाली, टोपी मागच्या दिवाळीला घेतलेली, माझ्याच भाच्याच्या दुकानातली.